सांगितलेला किनारा

"पिएद्रा ब्लांकाच्या किनाऱ्यावर समुद्राने दोघांना नेलं," चेमा म्हणाला आणि हातातल्या माशाच्या टाकोवर त्याने लिंबू पिळलं. "एक मोठं माणूस आणि एक लहान मूल. होड्या गेल्यात शोधायला. सापडतात कसले! तिथलं पाणी एकदा ओढायला लागलं की..." पुढचं वाक्य त्याने घासाबरोबर गिळून टाकलं. चेमा हॉटेलातला आचारी. वाईट बातमी सांगताना त्याला नेहमीच भूक लागायची. ओतिलिया बार्रागान चौकशीच्या टेबलामागे बसली होती. टेबलावरच्या काचेखाली पुएर्तो हासिंतोचा रंगीत नकाशा होता आणि त्याच्यावर तिचा पंजा पालथा पडलेला होता. तो तिला उचलता येईना. "काय झालं ग ओती? तुझं कोणी होतं का तिथे?" चेमाने विचारलं. "माझं कोण असणार तिथे?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मग अशी पांढरीफटक का पडलीस? दोन घास खा. आज उपासाचा शुक्रवार, मासा चालतो." तिने मान हलवली. एक मोठं माणूस आणि एक लहान मूल म्हटल्यावर जगात किती माणसं आणि किती मुलं असतात हे तिला कळत होतं. तरीही सकाळची ती दोघं डोळ्यांसमोरून हलेनात.

सकाळी एक बाई आली होती. हॉटेलात उतरलेली नव्हे. असल्या बायका या हॉटेलात उतरत नाहीत, त्या बसथांब्यामागच्या गल्लीत एका खोलीत सहाजण झोपतात. पिवळी टोपी घातलेली, दारातून आत यावं की नाही या विचारात पायपुसण्यावरच उभी राहिलेली. बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याने रस्त्यातच रबरी बदक फुगवून कमरेत चढवलं होतं आणि दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं होतं, जणू समुद्र कुठल्याही क्षणी हॉटेलात शिरणार होता. "आम्ही लेओनहून आलोय," बाई ओशाळून म्हणाली. "याने समुद्र पाहिलेला नाही. तसा मीही नाही. लहान मुलांसाठी कुठला किनारा बरा, बाई?" ओतिलियाच्या ओठांवर पाल्मारितोचं नाव आलं होतं. मुलंबाळं असली की ती पाल्मारितोच सांगायची. नवपरिणितांना पिएद्रा ब्लांका, म्हाताऱ्यांना गावकिनारा. वर्षानुवर्षं सांगून सांगून त्या उत्तरांना गुळगुळीतपणा आला होता. पण आज पवित्र आठवड्यातला शुक्रवार, आज पाल्मारितोवर तीळ ठेवायला जागा नसणार, आणि या बाईने समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघायचा तो काय लोकांच्या पाठींमधून? तिला त्या बाईची दया आली. सगळं त्या दयेतून झालं. "पिएद्रा ब्लांकाला जा," ती म्हणाली. "गर्दी नाही, वाळू साखरेसारखी." "पाणी शांत असतं ना? याला पोहता येत नाही." "हो तर! तळ्यासारखं." मुलगा हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

तळ्यासारखं. हा शब्द कुठून आला? नकाशावर तो लिहिलेला नव्हता. कोणी तिला सांगितलेला नव्हता. पिएद्रा ब्लांकावर तिने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. गावात येऊन जन्म गेला, पण समुद्र हा रिकाम्या लोकांचा उद्योग; ज्याला नोकरी आहे तो खिडकीतून बघतो. किनारे तिने नकाशावर पाहिले होते आणि परत आलेल्या पाहुण्यांच्या भाजलेल्या नाकांवर वाचले होते. पिएद्रा ब्लांकाबद्दल तिला कोणी सांगितलं? दोन परदेशी पोरं होती, केस मिठाने पिवळे पडलेली, काखेत माणसाएवढ्या फळ्या. अप्रतिम, ती म्हणाली होती, असा किनारा कुठे नाही. तेव्हापासून ती सांगत आली. आणि आत्ता, चेमा समोर बोटं चाटत उभा असताना, तिला पहिल्यांदा सुचलं की काखेत फळी घेऊन फिरणाऱ्या पोरांना लाटा हव्या असतात. जितकी मोठी लाट तितका किनारा अप्रतिम. इतकी साधी गोष्ट! शेंबड्या पोरालाही कळली असती. इतकी वर्षं ती या टेबलामागे बसून, छातीवर नावाची पट्टी लावून, उचलली जीभ लावली टाळ्याला करत होती, आणि सगळे तिला धन्यवाद देत होते.

पण नाही म्हणायचं कसं? हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. डोंगरातल्या त्यांच्या गावात वाट विचारणाऱ्याला "माहीत नाही" म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आई म्हणायची, माणूस दमून आलेला असतो, त्याला पाणी द्यावं आणि वाट द्यावी. पाणी नसलं तर निदान वाट तरी द्यावी. ती वाट कुठे जाते हा पुढचा प्रश्न, आणि तो आईने कधी विचारला नाही. ओतिलियाचे वडील राजधानीतल्या इस्पितळात होते तेव्हा ती आणि आई बसमधून उतरून चालत निघाल्या होत्या. त्यांनी एका पाववाल्याला विचारलं, त्याने मोठ्या प्रेमाने डावीकडे पाठवलं. डावीकडच्या बाईने पुन्हा मागे पाठवलं. एका पोलिसाने तर टोपी काढून, हात लांब करून, चर्चच्या मागे म्हणून सांगितलं. चर्चच्या मागे घोड्यांचा तबेला होता. इस्पितळात पोचल्या तोवर भेटीची वेळ संपलेली होती. दुसऱ्या दिवशी वडील नव्हते. आईने त्या लोकांना कधी शिव्या घातल्या नाहीत. उलट म्हणायची, शहरातली माणसं किती चांगली ग, एकानेही नाही म्हटलं नाही. ओतिलियालाही ते तेव्हा खरंच वाटलं होतं. आज चाळीस वर्षांनी त्या पाववाल्याचा पिठाळलेला हात तिला दिसला, डावीकडे दाखवणारा. त्या हाताला काहीच माहीत नव्हतं.

ती उठली. "ओती, कुठे? मॅनेजर विचारेल!" चेमा ओरडला. "सांग, माहीत नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यावर मिरवणूक चालली होती. खांद्यावर क्रूस घेऊन येशू झालेला गवळ्याचा थोरला मुलगा घामाने निथळत होता, पत्र्याची शिरस्त्राणं घातलेले रोमन शिपाई त्याला हळूच विचारत होते, थांबायचं का रे जरा? ओतिलियाने छातीवर हाताने क्रुसाची खूण केली आणि गर्दी कापत ती व्हॅनच्या थांब्याकडे निघाली. पिएद्रा ब्लांकाची व्हॅन समोर उभी होती. दार उघडं होतं, आत जागा होती. तिने दांडीला हात लावला. तिथे गेलं तर कळेल. कळेलच. आणि कळल्यावर मग ते न कळलेलं कधी करता येणार नाही. तिने हात काढून घेतला. कशावरून ती बाई गेली असेल? बायका विचारतात एकीला आणि जातात दुसरीकडेच. कदाचित मुलाला भूक लागली असेल, कदाचित ऊन बघून ती जवळच टेकली असेल. आधी गावकिनारा बघू, मग पाल्मारितो बघू. दुसऱ्यांसाठी किनारे निवडण्यात जिचा जन्म गेला, ती आज स्वतःसाठी किनारे निवडत होती, आणि निवडण्याचं तत्त्व एकच होतं: जिथे मेलेलं कोणी नसेल तो.

गावकिनाऱ्यावर माणसं कपड्यांसकट पाण्यात बसली होती. म्हाताऱ्या पावलं भिजवत होत्या, कोणी आंब्याच्या फोडींवर तिखट भुरभुरत होतं, एका कुटुंबाने कोंबडीच्या पिंजऱ्यासकट सगळं घरच वाळूवर मांडलं होतं. ओतिलियाच्या बुटांत वाळू गेली. पिवळ्या टोप्या इतक्या असतात हे तिला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक टोपी लांबून तीच असायची आणि जवळ गेल्यावर तिच्याखाली भलताच चेहरा निघायचा, आणि त्या चेहऱ्याचा तिला राग यायचा, की तू का जिवंत आहेस, तू का ती नाहीस? मग स्वतःचीच शरम वाटायची. तिने शहाळेवाल्याला गाठलं. "पिवळी टोपी घातलेली बाई पाहिलीत का? बरोबर मुलगा, कमरेत रबरी बदक?" शहाळेवाल्याने कोयता खाली केला, एक क्षणही विचार न करता हसला. "बघितली की! आत्ताच गेली, त्या होड्यांच्या पलीकडे." ओतिलिया धावली. त्रेपन्नाव्या वर्षी, गणवेशाचा घट्ट स्कर्ट गुडघ्यांवर ओढून धावली. होड्यांच्या पलीकडे जाळी वाळत होती आणि एक कुत्रं झोपलं होतं. ती तिथे उभी राहिली आणि तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला, बघितली की. तो गोडवा. ती तत्परता. तो हात. तो तिचाच आवाज होता. वळून पाहिलं तर शहाळेवाला लांबून हात करत होता, सापडली ना? तिने मान डोलावली. हो म्हणाली ती त्याला! बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

पाल्मारितोच्या व्हॅनमध्ये ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली. आरशाला जपमाळ टांगलेली होती आणि रेडिओ बंद होता. या दिवशी गाणी लावत नाहीत. "ऐकलंत ना पिएद्रा ब्लांकाचं?" ड्रायव्हर म्हणाला. "लाल बावटा होता म्हणे, पण वाऱ्याने काठीलाच गुंडाळलेला. बाहेरच्या माणसाला काय कळतंय? समुद्र दिसला की घुसतात." ओतिलियाने पदरचं सगळं धैर्य एकवटलं. "आई आणि मुलगा होते का?" "हो, हो. आई आणि मुलगाच." तिच्या पायाखालची वाळू इथे व्हॅनमध्ये सरकली. डांबरी रस्ता, नारळाची झाडं, पायांशी बादल्या घेऊन बसलेली माणसं, सगळं जागच्या जागी होतं आणि तिला त्या सगळ्याचं भयंकर नवल वाटलं. मग बऱ्याच वेळाने, एक वळण गेल्यावर, तिच्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं. तिने पुन्हा विचारलं, "की बाप आणि मुलगी होती?" "हां, बाप आणि मुलगी," ड्रायव्हर तितक्याच आपुलकीने म्हणाला. "वाईटच झालं, सेन्योरा." ती त्याच्याकडे बघत राहिली. भला माणूस होता. त्याच्या गालावर खळी होती. त्याचा गळा दाबावा असं तिला वाटलं, आणि मागोमाग वाटलं की आज सकाळी असाच कोणीतरी आपला दाबायला हवा होता.

पाल्मारितोवर माणसांचं नुसतं वारूळ फुटलं होतं. ओतिलिया पाण्याच्या कडेकडेने चालत राहिली. बूट तिने केव्हाच हातात घेतले होते. ती टोप्या बघत नव्हती आता, ती कमरेकडे बघत होती. मासे, मगरी, डोनटं, पाम वृक्ष. माणसाने कमरेत काय काय घालावं! आणि मग बदक. घोटाभर पाण्यात, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, त्याच्या आत पुढचे दात पडलेला मुलगा. तो लाटेला पाय दाखवून पळत होता. ओतिलियाच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. तिने जाऊन त्याला बदकासकट छातीशी धरलं आणि त्याच्या खाऱ्या डोक्याचे मुके घेतले. मुलगा घाबरून रडायलाच लागला. "अग बाई, तुम्ही!" मागून पिवळी टोपी आली. "उलिसेस, अरे या त्या हॉटेलातल्या सेन्योरा, रडतोस काय? माझं नाव मारिसेला. बसा ना, बसा. रागावलात? तुमचं ऐकलं नाही म्हणून?" "नाही, नाही," ओतिलिया म्हणत होती. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला असा आनंद पूर्वी एकदाच झाला होता, तिची स्वतःची मुलगी जन्मली तेव्हा. तेव्हाही तो असाच अंगात मावला नव्हता.

मारिसेलाने टॉवेल झटकला, तिला बसवलं, चिंचेची गोळी पुढे केली. "तुम्ही सांगितलेल्या ठिकाणीच निघालो होतो हो," ती अपराधी सुरात सांगू लागली. "पण व्हॅन इथे थांबली आणि याने खिडकीतून तो लांबडा फुगा बघितला, होडीमागे बांधतात तो. मग काय! भोकाड पसरलं. म्हटलं उतरू इथेच. पण तुमचा सल्ला वाया नाही गेला हं. आमच्या शेजारी एक माणूस होता, त्याची छोटी मुलगी आणि त्याची आई. इरापुआतोचे, म्हणजे आमच्याकडचेच. ते इथेच उतरणार होते, पण ही गर्दी बघून आजी घाबरली. मला विचारलं, बाई, दुसरा कुठला बरा किनारा माहीत आहे का? आता मला काय ठाऊक! पण आजीला नाही कसं म्हणायचं? मग तुम्ही सांगितलेलं सांगून टाकलं. म्हटलं पिएद्रा ब्लांकाला जा, पाणी अगदी तळ्यासारखं. बसूनच राहिले ते व्हॅनमध्ये. किती आशीर्वाद दिले आजीने! म्हणाली, मी काही पाण्यात जाणार नाही, आजच्या दिवशी पाण्यात शिरलं की माणसाचा मासा होतो. पोरगी इतकी हसली! म्हणे, आजी, मला व्हायचंय मासा." मारिसेला हसली. मग तिने ओतिलियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छान आहे ना तो किनारा?"

चिंचेची गोळी ओतिलियाच्या तोंडात होती. ती गोड होती, मग आंबट, मग तिखट. हो तर, असं तिच्या जिभेवर तयार होतं, न्हाऊन माखून, टोपी काढून उभं होतं. "मी तो पाहिलेलाच नाही," ती म्हणाली. मारिसेला आणखीनच हसली. "घ्या! मी तरी कुठे पाहिलाय?" आणि मग ओतिलियाने सांगितलं. जेवढं चेमाने सांगितलं होतं तेवढंच, एक मोठं माणूस आणि एक लहान मूल, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मारिसेलाचं हसू लगेच गेलं नाही. विसरलेल्या दिव्यासारखं ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग ती उठली. सरळ पाण्यात गेली, घोटाभर पाण्यात लाटेशी खेळणाऱ्या उलिसेसला दंडाला धरून तिने फरफटत वाळूवर आणलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. आजूबाजूची माणसं बघू लागली. मुलगा रडलाही नाही, त्याने काय केलं हे त्याला कळेना. तिने त्याला मारलं आणि मग त्याच्यावर पडून, बदक फुटेल इतकं आवळून, ती हंबरडा फोडून रडू लागली. ओतिलिया उभी होती. तिला वाटत होतं की आता ही वळेल आणि माझ्या थोबाडीत मारेल, आणि तिने आपला गाल किंचित पुढेही केला असावा. पण मारिसेला वळली तेव्हा तिने फक्त विचारलं, "आणि आजी? बाई, ती आजी कुठे असेल?"

पिएद्रा ब्लांकाची व्हॅन पाल्मारितोहून पुढे डोंगराला वळसा घालून जाते. हे ओतिलिया किती लोकांना सांगत आली होती, डोंगराला वळसा, मग डाव्या हाताला समुद्र. आणि समुद्र खरोखरच डाव्या हाताला आला तेव्हा ती दचकली. व्हॅनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. उतरताच आवाज आला. लाट फुटल्याचा नव्हे, लाट परत जातानाचा, दगडगोटे दातांत घेऊन चावत मागे ओढल्याचा. वाळू साखरेसारखी होती, ते खरं होतं. पाणी हिरवं, उभं, घराएवढं उठत होतं आणि किनाऱ्याला लागूनच कोसळत होतं. कोणीही बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. एका नजरेत! ती तिथेच उभी राहून बघत राहिली. हे मी सांगितलं? या पाण्याला मी तळं म्हणाले? तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. लांब दोन होड्या वर-खाली होत होत्या. गणवेशातली माणसं दोरी गुंडाळत आपसांत हळू बोलत होती. त्यांच्यापासून दूर, ओल्या वाळूच्या कडेला, काळी शाल घेतलेली म्हातारी टॉवेलवर बसली होती. शेजारी चपलांचे दोन जोड होते, एक मोठा, एक अगदी चिमुकला. म्हातारीने ते पाण्याकडे तोंड करून नीट लावून ठेवले होते.

ओतिलिया तिच्याजवळ गेली. व्हॅनमध्ये तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हातारीने मान वर केली. तिने आधी गणवेश पाहिला, मग छातीवरची नावाची पट्टी, आणि तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर केवढीतरी आशा आली. "तुम्ही इथल्याच ना, बाई?" ती म्हणाली. "ही माणसं बाहेरची आहेत, यांना काही सांगता येत नाही. तुम्ही सांगा. ते कुठल्या बाजूने बाहेर येतील? म्हणजे मी तिकडे जाऊन बसते."

ओतिलियाचा उजवा हात उचलला गेला. आपोआप, नेहमीसारखा, कोपरापासून. तिने तो डाव्या हाताने पकडला आणि खाली ओढला.

"मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मी इथे आजच पहिल्यांदा आले."

म्हातारी टॉवेलवर जराशी सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची वाळू तिने हाताने झटकली.

"मग बसा," ती म्हणाली. "तुम्ही त्या बाजूला बघा, मी या बाजूला बघते."